फोन ५जी, सिम ५जी, मग घोडं कुठं अडतं?

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली की खान्देशातले नातेवाईक तुमच्यावर दोन कामं कायमची सोपवतात. एक, कुणाच्याही घरचा प्रिंटर चालू करून देणं. दोन, "भो, मोबाईल कोणता घेऊ?" या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देणं. पहिलं काम अजून जमतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका वाक्यात मावत नाही, म्हणून मंडळी, हा शनिवार त्याच्या नावावर.

जळगाव काय नि धुळे काय, मोबाईलच्या दुकानात शिरलात की पाटीवर मोठ्ठा आकडा असतो आणि त्याच्या आधी किंवा नंतर बारीक अक्षरात एक शब्द असतो : 'पर्यंत'. सगळी गोम त्या शब्दात आहे. स्पीड ही एका वस्तूची गोष्ट नाहीच. फोन, टॉवर आणि प्लॅन हे तिघं जुळले तर स्पीड मिळतो. जाहिरात या तिघांपैकी एकाचाच, तोही सगळ्यात चांगल्या दिवसाचा फोटो दाखवते.

आधी फोन बघू. फोन आणि कंपनी न जुळण्याचं दुखणं जुनं आहे. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून मोबाईल हातात दिला, तेव्हा घरोघरी फोन आले. पण ते सीडीएमए होते. कंपनी बदलायची म्हटलं तर फोनच बदलायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, ते फक्त ४जीवर. खाली २जी-३जी काही नाहीच. त्यामुळे चांगला चालणारा ३जी फोन जिओच्या सिमपुढे खोकं ठरला. पुढे २०१७ मध्ये १५०० रुपये डिपॉझिटवाला जिओफोन आला. स्वस्त, व्हॉट्सॲपही पुढे मिळालं, पण त्यात सिम जिओचंच चालणार. २०२३ च्या ९९९ रुपयांच्या जिओभारतचंही तेच.

५जीची गंमत तर आणखी वेगळी. रिअलमी आणि आयकू यांनी भारतात ५जी फोन विकायला सुरुवात केली फेब्रुवारी २०२० मध्ये. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. म्हणजे अडीच वर्षं लोक नसलेल्या रस्त्यासाठी गाडी घेत होते! बरं, रस्ता झाल्यावर तरी गाडी लगेच पळावी? आयफोनवाल्यांना डिसेंबर २०२२ च्या अपडेटपर्यंत थांबावं लागलं. जिओने ५जी पूर्ण स्वतंत्र यंत्रणेवर उभारलं आणि नाव दिलं 'ट्रू ५जी'. एअरटेलने सुरुवातीला ते ४जीच्या गाभ्यावर बसवलं आणि नाव दिलं '५जी प्लस'. नावं ऐकून गिऱ्हाइकाला काय कळणार? 'ट्रू' म्हणजे बाकीचे खोटे का, आणि 'प्लस' म्हणजे नक्की काय जास्त? प्रत्यक्षात आपल्या फोनला कोणता प्रकार आणि कोणते बँड चालतात हा खरा प्रश्न होता, आणि तो पाटीवर कुठेच नव्हता.

आता टॉवर. माझे एक मामा पारोळा तालुक्यात कापूस करतात. त्यांची तक्रार : "धुळ्यात देवपूरला गेलो की फोन पळतो, अन् मळ्यात आलो की पैसे पाठवताना चक्री फिरत बसते. फसवलं का रे मला दुकानदाराने?" फोन हप्त्यावर घेतलेला, त्यामुळे प्रश्न जिव्हारी लागलेला. मी म्हटलं, मामा, हा रेडिओ लहरींचा हिशेब आहे. ५जीचा मुख्य बँड ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तो डेटा भरपूर वाहतो, पण लांब जात नाही आणि भिंतीपुढे लवकर दमतो. आपल्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात ४५ अंशांना बाहेर ठेवतात, तशा या लहरींनाही ठेवतात. ७०० मेगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतूनही बरा शिरतो, पण त्यावरचा पट्टा अरुंद, म्हणून स्पीड कमी. शहरात टॉवर जवळजवळ असतात, शिवारात नाहीत. मामांनी शेवटी फोनच्या दुसऱ्या खाचेत शेजारच्या मळ्यात चालणारं सिम टाकलं. साधं ४जी. काम भागलं.

सिमवरचं नाव आणि टॉवरवरचं नाव एकच असेल असंही नाही. २०१० च्या ३जी लिलावात आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलचा पट्टा टाटा, आयडिया आणि व्होडाफोनला मिळाला. एअरटेलला नाही. मग कंपन्यांनी एकमेकांचं ३जी वापरायचे करार केले, सरकारने हरकत घेतली, आणि एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार न्यायाधिकरणाने करार वैध ठरवले. दुकानातल्या पाटीवर मात्र यातलं काहीच नव्हतं.

तिसरा, आकडा. पाटीवर असतात मेगाबिट, आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. १ जीबीचा सिनेमा साधारण सव्वातीन मिनिटांत, तेही स्पीड टिकला तर. आणि तो टिकत नाही, कारण टॉवरची ताकद त्याच्याखालच्या सगळ्यांत वाटली जाते. पहाटेची स्पीड टेस्ट आणि रात्री नऊची स्पीड टेस्ट या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये एअरटेलने '४जी चॅलेंज' दिलं होतं : आमच्याहून फास्ट नेटवर्क दाखवा, आयुष्यभराचं बिल आम्ही भरू. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून बदला किंवा मागे घ्या असं सांगितलं. पण तोवर ती घराघरात पोचली होतीच.

वरून प्लॅन. जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेलने दर वाढवले आणि अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर ठेवलं. फोन ५जी, टॉवर ५जी, पण रिचार्ज दीड जीबीचा... बसा मग ४जीवर. त्याच महिन्यात कित्येकांनी बीएसएनएलकडे पोर्ट करायचं ठरवलं. बीएसएनएलचं देशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये औपचारिकपणे सुरू झालं, ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर. फोनमध्ये बँड २८ नसेल तर त्यातला ७०० चा लांब पल्ला तुमच्यासाठी नाहीच.

तेव्हा गावाकडे फोन पाठवण्याआधी एवढं करा. जिथे फोन वापरला जाणार तिथे, घराच्या आत, शेजाऱ्याचं सिम टाकून रात्री बघा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. त्यात आपलं गाव शोधा. फोनच्या तपशिलात बँडची यादी वाचा. एन२८ आणि एन७८ दोन्ही असलेले बरे, ४जीत बँड २८ही. आणि फोन एकाच कंपनीला बांधलेला नाही ना, हे बिल फाडायच्या आधी विचारा.

आपण पुण्यात बसून चुकीचा फोन घेतला तर ॲपवरून परत करतो आणि विसरतो. बारा हप्त्यांवर घरातला एकुलता एक फोन घेणाऱ्याला ती मुभा नसते. त्याच फोनवर बँक असते, बाजारभाव असतो, पोरीचा फॉर्म असतो. 'पर्यंत' या बारीक शब्दाची किंमत तो माणूस दोन वर्षं भरत राहतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी "कोणता घेऊ?" विचारलं की कंपनीचं नाव सांगू नका. आधी उलट विचारा : "वापरणार कुठं?"