मोंबासाहून ठाण्याला

मोंबासा, ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पोचल्याचा मेसेज मिळाला असेलच. 'सविस्तर लिही' असं बजावलं होतंस, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

मोंबासा म्हणजे एक बेट. पश्चिमेला मकूपाचा पूल, उत्तरेला न्यालीचा पूल आणि दक्षिणेला लिकोनीची फेरीबोट, अशा मुख्य वाटांनी शहरात ये-जा चालते. फेरीला पायी येणाऱ्यांकडून पैसे घेत नाहीत. सकाळची तिथली गर्दी बघून मला तुझी ८.१५ ची लोकल आठवली. फक्त इथे माणसांबरोबर सायकली, कोंबड्यांचे खुराडे आणि टुकटुकही चढतात. टुकटुक म्हणजे आपलीच रिक्षा, तीही बहुधा बजाजची.

वेळ विचारताना मात्र सांभाळावं लागतं. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात वाजले की यांचा एक वाजतो. ड्रायव्हरने दोनला येतो म्हटलं तर आठला तयार राहायचं. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर जवळजवळ त्याच वेळी उगवतो, म्हणून हा हिशेब चालतो. मला तरी तो आपल्यापेक्षा शहाणपणाचा वाटला.

आता खाणं. न्याहारीला महामरी आणि म्बाझी. महामरी म्हणजे वेलची घातलेली, फुगलेली गोडसर पुरी आणि म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे अख्खे दाणे. तुझ्या सासूबाईंना हे नक्की आवडेल, कांदा-लसूण वगळून करता येतं का ते विचारून घेते. संध्याकाळी रस्त्यावर वियाझी कराई, म्हणजे उकडलेल्या बटाट्याला पिवळं पीठ लावून तळलेले तुकडे, वर चिंचेचं पाणी. आणि मबूयू! गोरखचिंचेच्या बिया लाल रंगाच्या साखरेत घोळवतात, त्याचं नाव मबूयू. शाळेतून सुटलेली पोरं ते चोखत हिंडतात, जीभ लालभडक. गोरखचिंच आपल्याकडे किनाऱ्यावर अधूनमधून दिसते, ती मूळची याच खंडातली. इथे ती रस्त्याच्या कडेला आंब्यासारखी उभी असते.

जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की दुपारीही सावली. प्रवाळाच्या दगडाची घरं, लाकडी सज्जे, कोरीव दारं. बायका बुईबुई नावाच्या काळ्या बुरख्यात, पुरुष पांढऱ्या टोपीत. कोपऱ्यावर एक जण पितळी भांड्यातून आल्याची काळी कॉफी विकत होता.

तू डोंबिवलीची, तेव्हा कल्याणचं कौतुक तुला सांगणं म्हणजे जोखीमच! तरी सांगते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं व्यापाऱ्यांचं मार्गदर्शक आहे. त्यात कल्याण बंदराचं नाव आहे आणि ग्रीक जहाज तिथे लागलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रारही. त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरचं ऱ्हाप्टा बंदर येतं, जिथून हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ जात असे. आपल्या बाजूने या किनाऱ्याच्या वरच्या टोकाला गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसाचा 'मध' येई. सगळी मेहेरबानी वाऱ्याची. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा गलबतं तिकडून इकडे आणायचा, आणि पावसाळी वारा परत न्यायचा. इथे या वाऱ्यांना कास्काझी आणि कुसी म्हणतात. सध्या कास्काझी चालू आहे, म्हणजे आम्ही योग्य मोसमात आलोय. विमानाने आलो ते सोड.

तुझी,
धाकटी

वोई, ११ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या खात्याचं, म्हणजे रेल्वेचं. मोंबासाहून वोईला आम्ही नव्या गाडीने आलो. चिनी कंपनीने बांधलेला हा मार्ग ३१ मे २०१७ ला सुरू झाला. स्टँडर्ड गेज आहे, म्हणजे १४३५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजहून अरुंद. स्टेशनात शिरण्याआधी बॅगा ओळीने मांडायला लावतात आणि कुत्रा हुंगून जातो. गाडी वेळेवर सुटली. तुमचे जावई घड्याळ हातात धरून उभे होते, त्यांची निराशा झाली. पुढे रूळ उंच भरावावरून त्सावोचं राष्ट्रीय उद्यान ओलांडतात आणि खालून हत्तींना जायला मोकळ्या वाटा ठेवल्या आहेत.

शेजारून जुना मीटरगेज मार्ग जातो. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. त्यानंतर ४३ वर्षांनी, १८९६ मध्ये, ब्रिटिशांनी मोंबासाहून हा मार्ग घालायला घेतला आणि त्यासाठी भारतातून सुमारे ३२ हजार मजूर आणले. बहुतेक पंजाबकडचे. डिसेंबर १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले, तोवर त्यातले अडीच हजारांच्या आसपास लोक मेले होते. कामाला लागल्यापासून सरोवर गाठेपर्यंतचा हिशेब मांडला तर मैलामागे चार माणसं पडतात.

त्यातले काही त्सावोच्या सिंहांनी खाल्ले. ही गोष्ट तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगत होतात. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पूल बांधायचं काम पॅटरसन नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं ओढून न्यायचे, अखेर काम बंद पडलं. डिसेंबरमध्ये पॅटरसनने दोघांनाही मारलं. त्याने बळींचा आकडा पुढे १३५ सांगितला. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेल्या त्या सिंहांची हाडं आणि केस तपासले, तेव्हा अंदाज ३५ च्या आसपास निघाला. पॅटरसनचं नाव जगभर झालं. मेलेल्या मजुरांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? त्यांच्याच खांद्यांवर हा मार्ग उभा राहिला, आणि सफारीच्या माहितीपत्रकात फक्त सिंह आहेत. मला हे पटलं नाही, आणि तसं आमच्या गाइडला बोलूनही दाखवलं. तो भला माणूस, म्हणाला की त्याच्या पणजोबांनीही त्याच मार्गावर खडी फोडली.

सफारीचं सांगायचं तर 'त्सावो ईस्ट' १३,७४७ चौरस किलोमीटर आहे. आपला आजचा ठाणे जिल्हा त्यात तीनदा बसून वर जागा उरेल. येऊरचं जंगल ज्या उद्यानात येतं ते अख्खं १०४ चौरस किलोमीटर! म्हणजे इथे प्राणी दिसेलच याची खात्री नसते. तासभर नुसती झुडपं आणि लाल धूळ. मग अचानक हत्ती येतात, तेही विटकरी रंगाचे, कारण इथल्या लाल मातीत ते लोळतात आणि तीच अंगावर उडवतात. अरुबा धरणाच्या पाण्यावर मोठा कळप होता, पिल्लं मधोमध. गेरेनूक नावाचं लांब मानेचं हरीण मागच्या दोन पायांवर उभं राहून झाडाचा पाला ओरबाडत होतं. सिंहीण एकच दिसली, सावलीत झोपलेली. इथल्या नर सिंहांना आयाळ जवळजवळ नसते, म्हणतात. बघायचा योग आला नाही.

हत्ती बघताना मात्र मन फार सुखावलं नाही. १९७०-७१ च्या दुष्काळात इथले हजारो हत्ती मेले आणि उरलेल्यांपैकी बऱ्याचशांना पुढच्या दोन दशकांत चोरट्या शिकाऱ्यांनी टिपलं. त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरचा हस्तिदंत गलबतांतून मुंबईला उतरत होता. त्याचे चुडे आपल्याच देशातल्या नववधूंनी हातभर घातले. त्या व्यापारातला आपला वाटा मोजायला हवा.

तुमचा रक्तदाब तपासून घ्या. गोळी चुकवू नका.

आपली,
धाकटी

मोंबासा, १४ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

आज जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

बेटाच्या पूर्व टोकाला, बंदराच्या तोंडाशी, फोर्ट जीझस आहे. पोर्तुगीजांनी तो १५९३ मध्ये बांधायला घेतला. आराखडा काइराती नावाच्या मिलानच्या स्थापत्यकाराचा. तो पोर्तुगीज भारताचा मुख्य स्थपती होता. म्हणजे किल्ला आफ्रिकेत, पण कारभार सगळा गोव्याचा. इथल्या सुलतानाच्या मुलालाही शिकायला गोव्याला पाठवलं, बाप्तिस्मा दिला, दों जेरोनिमो असं नाव ठेवलं. गादीवर बसल्यावर त्यानेच १६३१ मध्ये किल्ल्यात शिरून कप्तानाला ठार केलं आणि तो पुन्हा मुसलमान झाला. गोव्याचं शिक्षण असं फळलं!

पुढे ओमानचे अरब आले. यांचा उपद्रव आपल्याकडेही होता; १६७४ मध्ये त्यांनी वसईत उतरून लूट केली होती. १३ मार्च १६९६ ला त्यांनी मोंबासाला वेढा घातला, तो ३३ महिने चालला. किल्ल्यात रोगराई पसरली, माणसं उपाशी मेली. मदत गोव्याहून यायची, तीही वाऱ्याच्या मर्जीने. त्या मदतीतलं एक जहाज १६९७ च्या ऑक्टोबरमध्ये किल्ल्याच्या पायथ्याशीच बुडालं.

अप्पा, त्या जहाजाचं नाव 'सांतो आंतोनियो द ताना'. ताना म्हणजे आपलं ठाणे. पोर्तुगीज कागदांत ठाण्याला ताना म्हणत. ठाण्याच्या संत अँथनीच्या नावाची ही युद्धनौका वसईत बांधली गेली, १६८१ मध्ये तयार झाली, आणि तिला लाकूड होतं सागवानी. १९७७ पासून पुढची काही वर्षं पाणबुड्या संशोधकांनी तिचं उत्खनन केलं. हजारो वस्तू वर आल्या. सांगाडा पुन्हा वाळूखाली झाकून ठेवला, कारण पाण्याबाहेर तो टिकला नसता. वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत: चिनी मातीची भांडी, मोठे रांजण, तोफा, कोरीव लाकूड. मी काचेला नाक लावून बराच वेळ उभी होते. पहारेकऱ्याने 'इंडिया?' विचारलं, मी 'ठाणे' म्हटलं, त्याला काही बोध झाला नाही. पाटीवरचं 'ताना' दाखवलं तेव्हा हसला.

किल्ला १३ डिसेंबर १६९८ ला पडला. गोव्याहून आलेली पुढची कुमक काही दिवसांनी बंदराबाहेर पोचली, तेव्हा बुरुजावर अरबांचं निशाण होतं. आपल्याकडे पोर्तुगीजांनी ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये गमावली, चिमाजी अप्पांकडे.

इंग्रजांनी १८९५ मध्ये फोर्ट जीझसचा तुरुंग केला. १९५८ मध्ये तुरुंग हलवला, मग उत्खनन झालं, संग्रहालय उघडलं. २०११ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. भिंतींवर पोर्तुगीज शिपायांनी रेखाटलेली जहाजंसुद्धा जपली आहेत. आपल्या ठाण्याच्या किल्ल्याचंही कारागृह झालं, पण ते अजून कारागृहच आहे. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये तिथून निसटले, अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना १९१० मध्ये तिथे फाशी झाली, आणि आपण बाहेरच्या भिंतीवरून तर्क करायचे. मोंबासा आपल्याहून श्रीमंत नाही. त्या शहराने हे करून दाखवलं, तेव्हा पैशांचं कारण कोणी सांगू नये.

कारागृह हलवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. एक फलक मात्र लागू शकतो. मासुंदा तलावाकाठी, सेंट जॉन चर्चच्या बाजूला, एवढंच लिहिलेलं: ठाण्याचं नाव घेतलेली, वसईत बांधलेली युद्धनौका १६९७ साली मोंबासाच्या बंदरात बुडाली, तिच्या वस्तू तिथल्या फोर्ट जीझस संग्रहालयात आहेत. तलावपाळीच्या तुमच्या कट्ट्यावर हा विषय काढा. मजकूर मी लिहून देते, महापालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या तुम्ही गोळा करा.

आपली,
धाकटी