जेवढं दिसलं, तेवढंच नाव

समुद्राच्या पाण्यातलं प्लवक मोजण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ खातो तो डायनोफ्लॅजेलेटांचा गट. पेशी एकच, कशाभिका दोन: एक कमरेभोवतीच्या खाचेत वेटाळलेली, दुसरी मागे सोडलेली. दोन हजारांहून अधिक जातींचं वर्णन आजवर झालं आहे. मोजणीच्या तक्त्यात प्रत्येक पेशीपुढे प्रजाती आणि जाती अशी दोन्ही नावं असली की तक्ता भरदार दिसतो. ‘अलेक्झांड्रियम एसपी.’ अशी अर्धीच नोंद दिसली की मोजणाऱ्याने कंटाळा केला असं वाटतं. माझं मत नेमकं उलटं आहे. या गटात अर्धं नाव हीच पुष्कळदा खरी नोंद असते आणि पुराव्याच्या पुढे जाऊन लिहिलेलं पूर्ण नाव पुढच्या अभ्यासकाला चकवतं.

अर्थात हे सरसकट लागू नाही. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळवणारी नॉक्टिल्यूका इतकी मोठी आणि वेगळी असते की तिला दुसरं काही समजणं कठीण. तीन शिंगांच्या सागरी सेराशियमचंही तसंच. गोड्या पाण्यातल्या भाईबंदांपेक्षा त्यांच्या कवचाच्या कमरपट्ट्यात एक तुकडा कमी आहे आणि डीएनएही वेगळा आहे, म्हणून 2010 मध्ये त्यांना निओसेराशियम ही नवी प्रजाती मिळाली. पुढे लक्षात आलं की बोरी या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने 1823 मध्येच त्यांच्यासाठी ट्रायपॉस हे नाव दिलं होतं. 2013 मध्ये ते परत आलं. वनस्पतींच्या नामकरणसंहितेला प्रजाती आणि जातीचं एकच नाव चालत नाही, त्यामुळे जुनं सेराशियम ट्रायपॉस आता ट्रायपॉस म्युलेरी झालं. या फेरबदलांनी वैताग आला, पण नुकसान झालं नाही. जुन्या नावापुढे नवं नाव लिहिलं की जुनी नोंद तशीच वापरता येते, कारण ओळखीबद्दल शंका कधी नव्हतीच.

अलेक्झांड्रियमची गोष्ट निराळी. मारी लेबूर यांनी 1925 मध्ये प्लिमथजवळच्या टेमर खाडीतून ‘टॅमारेन्सिस’ (आताची ‘टॅमारेन्स’) ही जात वर्णिली, तर 1936 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून ‘कॅटेनेला’ आली. दोघी तेव्हा गोनिऑलॅक्स प्रजातीत होत्या. 1985 मध्ये बालेक यांनी फंडीच्या उपसागरावरून ‘फंडिएन्स’ वेगळी काढली. ओळखीच्या खुणा दोन होत्या: पेशी साखळीने जोडलेल्या आहेत का, आणि पोटाकडचं छिद्र आहे का. हे छिद्र पाहायचं तर कवचाला कॅल्कोफ्लोर हा चमकणारा रंग लावून पेशी अतिनील प्रकाशात धरावी लागते. मग सेल्युलोजचे तुकडे फुटबॉलच्या शिवणीसारखे निळे उमटतात. टोकाच्या तुकड्यांपैकी पहिल्याच्या कडेला, चौथ्याला लागून, टाचणीने टोचल्यासारखा एक काळा ठिपका दिसतो किंवा दिसत नाही. या ठिपक्यावर जातीचं नाव ठरत असे.

1994 पासून रायबोसोमल डीएनए वाचला जाऊ लागला आणि कळलं की या तीन नावांच्या पेशींचे आनुवंशिक गट पाडले तर ते छिद्राप्रमाणे पडत नाहीत. पहिल्या गटात छिद्र असलेल्याही पेशी आहेत, नसलेल्याही. 2014 मध्ये जाती गटांप्रमाणे नव्याने मांडल्या गेल्या. पहिल्या गटाला आधी फंडिएन्स म्हटलं गेलं, पण 1936चं नाव अधिक जुनं म्हणून 2017 मध्ये कॅटेनेला कायम झालं. परिणाम जपानच्या नोंदींत पाहा: तिथे पूर्वी टॅमारेन्स म्हटलेल्या पेशी आता बहुतांशी कॅटेनेला आहेत, आणि कॅटेनेला म्हटलेल्या पॅसिफिकम या वेगळ्याच गटाच्या जातीत गेल्या. इथे शेजारी नवं नाव लिहून भागत नाही. ज्या तक्त्यात फक्त नाव आहे, त्यातून काय पाहिलं होतं हे कळायला मार्ग नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. अलेक्झांड्रियमच्या काही जाती विष बनवतात आणि ते शिंपल्यांत साठतं; त्यातून विषबाधा होण्याचा धोका असताना अर्ध्या नावाने निर्णय कसा घ्यायचा? पण स्कॉटलंडच्या पाण्यात विष बनवणारा पहिला गट आणि बहुधा निर्विष असलेला तिसरा, दोन्ही सापडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते खात्रीने वेगळे करता येत नाहीत. अशा ठिकाणी पूर्ण नाव लिहिणारा निर्णय सोपा करत नाही, खोटी खात्री देतो. मोजणीने इशारा द्यायचा, त्याला प्रजाती पुरते. विक्री बंद करायची ती शिंपल्याच्या मांसातल्या विषावरून. युरोपात किलोमागे 800 मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन ही त्याची मर्यादा आहे.

दुसरा आक्षेप असा की मग डीएनएच वाचा, नावांचा घोळच नको. वाचावाच. पण मिळालेल्या क्रमाला नाव मिळतं ते संदर्भसंग्रहातल्या कुणीतरी आधी ओळखलेल्या पेशीवरून. ती ओळख चुकली असेल तर चूकही तशीच पुढे सरकते. शिवाय या पेशींमध्ये रायबोसोमल जनुकाच्या प्रती इतक्या कमीजास्त असतात की त्यावरून पेशी मोजणं धोक्याचं.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो: अर्ध्या नावाची मुभा दिली की आळशालाही आसरा मिळतो. मिळतोच. म्हणून अर्ध्या नावाला किंमत येते ती शेजारच्या रकान्याने. छिद्र पाहिलं की नाही, साखळी किती पेशींची, छायाचित्र कुठलं, लुगॉलच्या द्रावणात जपलेल्या नमुन्याची बाटली कुठे ठेवली, हे तिथे लिहिलेलं हवं. छिद्र पाहिलंच नसेल तर ‘नाही’ न लिहिता ‘पाहिलं नाही’ लिहावं. नाव हा निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष बदलणारच. पण निरीक्षण वेगळं नोंदलेलं असेल तर पुढची दुरुस्ती करणाऱ्याला आपला तक्ता फेकून द्यावा लागत नाही.