बुधवारचे जेवण

पुण्यात वारांच्या पेठा आहेत हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भोपाळच्या जुन्या शहरातही वारांचे मोहल्ले आहेत, हे मात्र तिथे नोकरीला गेल्यावरच कळते. इतवारा, मंगलवारा, बुधवारा आणि जुमेराती, म्हणजे गुरुवार. पण मला सांगायचे आहे ते मोहल्ल्याविषयी नव्हे, एका वाराविषयी. आमच्या कचेरीतल्या पाच माणसांनी दुपारी कोंबडी खाण्यासाठी बुधवार कसा शोधून काढला आणि पुढे तो कसा सांभाळला, एवढेच.

मी पांढुर्ण्याचा. आज पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे, पण १९८३ साली मी आमला-इटारसीमार्गे गाडीने भोपाळला उतरलो तेव्हा आम्ही छिंदवाड्याचे होतो. आमच्या भागातल्या लोकांना नागपूर जवळचे आणि राजधानी लांबची. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशात राहिलो, आणि नागपूरची राजधानी उठून भोपाळला गेली. त्या राजधानीबरोबर नागपूरहून फायली आल्या, टंकलेखनयंत्रे आली आणि कारकूनही आले. मी रुजू झालो तेव्हा त्यांतले काही निवृत्तीला टेकलेले होते. "भोपाळात सगळे मिळते, पण तर्रीचा रस्सा नाही," हे त्यांचे पालुपद. नोकरीची बहुतेक वर्षे माझी सातपुडा भवनात गेली. सातपुडा ओलांडून आलेल्या माणसाला पुन्हा सातपुड्यातच बसवले, याची मला गंमत वाटे.

कचेरीत दुपारी डबे उघडत तेव्हा जुना मध्य प्रदेश कसा जोडला होता ते नाकाला कळे. आमच्या खोलीत आम्ही पाचजण मांसाहारी होतो. मी महाकोशलचा, म्हणजे नागपूरच्या वाट्याचा. एक ग्वाल्हेरचा मराठा, ज्याचे आजोबा शिंद्यांच्या चाकरीत होते आणि जो अजून ग्वाल्हेरला 'ग्वाल्हेर सरकार' असल्यासारखा बोले. एक रीवाकडचा ठाकूर. एक रायपूरचा. आणि पाचवे भोपाळचेच, वयाने आणि हुद्द्याने मोठे, ज्यांना आम्ही बडे भाई म्हणायचो. 'शोले'तल्या सूरमा भोपालीमुळे १९७५ पासून साऱ्या देशाने भोपाळची बोली ऐकली, पण ती नक्कल. खरी ऐकायची तर बडे भाईंकडून. "को खां, कां जा रिये हो?" असे ते साहेबालाही विचारत, आणि साहेब खरोखर सांगत.

डब्यात मांसाहार आणायचा नाही, असा कुठे लेखी नियम नव्हता. पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वास सहन होत नसे, आणि तसे पाहिले तर आमच्या घरीही आई कोंबडी शिजवायची ती अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. तेव्हा बाहेर जाणे आले. रोज परवडणारे नव्हते, म्हणून आठवड्यातून एक वार. तो कोणता? सोमवार महादेवाचा, ग्वाल्हेरकराचा उपास. मंगळवारी ठाकूर हनुमानाचा. गुरुवार माझा दत्ताचा. शुक्रवारी ऐन दुपारी जुम्म्याची नमाज, हॉटेलाची फळी खाली आणि बडे भाई मशिदीत. शनिवारी पुन्हा मारुती, शिवाय काही शनिवारी सुट्टी. उरला बुधवार. बडे भाई म्हणाले, "अपना तो मियां घर ही बुधवारे में है." ठराव पास झाला. त्यातूनही श्रावण, पितृपक्ष, दोन नवरात्रे आणि रमजानचा महिना वजा करा. एवढ्या देवांच्या परवानगीने मिळालेली कोंबडी गोड लागणारच.

अरेरा टेकडीवरून खाली उतरले की जहांगीराबाद लागते. सिकंदर बेगमचे यजमान नवाब जहांगीर मोहम्मद खान यांच्या नावाने वसलेली ही वस्ती. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, दोन स्कूटरवर पाच माणसे, तेव्हा याहून लांब जाणे शक्यच नव्हते. हॉटेलाच्या पाटीवर नाव होते, पण धुराने ते वाचता येत नसे, आणि आम्ही त्याला 'उतार' म्हणायचो. "आज उतारावर," एवढे म्हटले की झाले. चार लाकडी बाके, दर्शनी भागात लांब शिगडी, तिच्यावर आडव्या सळया. मालक स्वतः सळईपाशी बसत.

खिमा दोनदा काढलेला, त्यात थोडी चरबी, वाटलेली कच्ची पपई, भाजलेल्या चण्याचे पीठ. हात पाण्यात बुडवून खिम्याचा गोळा सळईवर दाबत नेत आणि बोटांच्या खुणा तशाच ठेवत. मी एकदा विचारले, गुळगुळीत का करत नाही? म्हणाले, खळग्यांत चरबी थांबते, नाहीतर सगळी कोळशात जाते. पंख्याचा एक फटकारा कोळशाला, एक माशांना. शेजारी कोंबडीचे तुकडे मसाला लावून तयार असत. आल्यावर सांगितले की पाच-सात मिनिटांत ताटलीत, वर कांद्याच्या चकत्या आणि पुदिन्याची चटणी. सरकारी सुट्टीत बसणारे जेवण हेच. शिजवलेल्या रश्श्याला वेळ लागतो, भाजलेल्याला भूक आणि विस्तव पुरतो.

रश्श्याचा मोह मला मात्र सुटत नसे. आमचा जीव नागपूरच्या सावजीवर पोसलेला. खसखस, दगडफूल, काळा मसाला, वर बोटभर तेल आणि डोळ्यांतून पाणी. भोपाळचा रिझाला पहिल्यांदा समोर आला तेव्हा मला वाटले, आजाऱ्याचे जेवण चुकून आपल्याकडे आले. तिखटाचा लाल रंग नाही, तेलाचा तवंग बेताचा. दही, काजू, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर. पहिल्या घासाला सौम्य, तिसऱ्या घासाला हिरवी मिरची हळूच कानामागे येते. घरी जाऊन हिला सांगितले, "कोंबडीत नुसता सांबार घालतात." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वऱ्हाड-नागपूरच्या वाचकांना सांगायला नको. पण आमच्या घरमालकीणबाई इंदूरच्या. त्यांनी ते ऐकले आणि भोपाळचे मुसलमान इडलीच्या सांबारात कोंबडी शिजवतात, असे गल्लीभर झाले.

आणखी एक पदार्थ हॉटेलात क्वचित मिळे, फिलफोरा. मटण वाटायचे नाही, जाडसर कुटायचे, मसाल्यात परतायचे आणि लगेच वाढायचे. फारसीत 'फिल्फौर' म्हणजे ताबडतोब. आपल्या कचेरीतही जुन्या हुकमांत हा शब्द सापडतो. शिकारीच्या तळावर भुकेल्या माणसांसाठी झटपट करायचा हा पदार्थ, असे भोपाळवाले सांगतात. सरकारी खात्यात 'फिल्फौर' लिहिलेला कागद सहा महिने हलत नसे, फिलफोरा मात्र खरोखर ताबडतोब येई.

पावसात उतारावर जाणे जमत नसे, तेव्हा न्यू मार्केट. ही वस्ती तात्या टोपेनगरात. तिथे रोज 'टी. टी. नगर' म्हणणाऱ्यांतल्या कितीजणांना तात्या आठवतात कोण जाणे. इंडियन कॉफी हाऊसमध्ये पगडीवाला वाढपी मटण कटलेट आणी, ते आम्हाला स्वच्छ वाटे आणि पोट भरत नसे. तंदुरी कोंबडी ही फाळणीनंतर आलेल्या पंजाबी मंडळींची देणगी. दिल्लीच्या दरियागंजमधून ती देशभर पसरली, आणि न्यू मार्केटातही लाल रंगाची, लिंबू पिळलेली अशी मिळे. रंग जास्त, धूर कमी, असे माझे मत. हमीदिया रोडवरच्या 'झमझम'चा टिक्का चांगला, पण तो स्टेशनावर पाहुणा आणायला गेल्यावरचा. झाबुआत बदली होऊन परत आलेले कुणी कडकनाथाच्या काळ्या मांसाचे गोडवे गात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तो कारकुनाच्या ताटातून कायमचा उठला.

खाताना बडे भाई इतिहास वाढत. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने भोपाळला निजामाला वेढले आणि त्याची रसद तोडली. पुढच्या जानेवारीत दोराह्याला तह झाला. हे आम्ही शाळेत अभिमानाने शिकलो होतो. बडे भाई सळईवरचा कबाब माझ्या ताटलीत सरकवत म्हणत, "आपके पेशवा ने यहां आके लोगों का खाना बंद करा था. और हम आपको खिला रिये हैं." ग्वाल्हेरकर हसून हसून ठसका लागेपर्यंत लाल होई.

१९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. बडे भाईंच्या घरातले सगळे वाचले, पण त्यांच्या धाकट्या बहिणीचा खोकला पुढे कधीच गेला नाही. त्याविषयी ते जेवताना बोलत नसत, आणि आम्ही विचारत नसू.

बुधवार मोडला तो १९९२ मध्ये. ६ डिसेंबरला रविवार होता. दुसऱ्या दिवसापासून भोपाळ पेटले. संचारबंदी लागली, रस्त्यावर लष्कर आले, १५ तारखेला राज्यातले सरकारही बरखास्त झाले. कचेऱ्या पुन्हा भरल्या तेव्हा पाचांपैकी चौघे नव्या शहरातून आलो आणि बडे भाई जुन्या शहरातून. बुधवार आला. दीड वाजला. कुणी उठले नाही. एकाचे पोट बरे नव्हते, एकाला फाईल पुरी करायची होती. ग्वाल्हेरकराच्या बायकोने त्याला खाली न उतरण्याची शपथ घातली होती, तेवढा तो तरी खरे बोलला. बडे भाईंनी खिडकीपाशी पाठ करून आपला डबा उघडला. वाईट शब्द कुणी काढला नाही. तेच जड जात होते. भांडण झाले असते तर मिटवता आले असते.

संक्रांतीला मी तिळगूळ नेला. दरवर्षी तो देताना बडे भाई आधीच मराठीत "गोड बोला, गोड बोला" करत. त्या वर्षी त्यांनी वडी घेतली, कागदात बांधली आणि खिशात ठेवली. गोड बोलायला कुणालाच जमत नव्हते.

फेब्रुवारीतला एक बुधवार. बडे भाई चार खणांचा डबा घेऊन आले. दीड वाजता तो त्यांनी सरळ माझ्या टेबलावर, आवक-जावक रजिस्टरच्या शेजारी ठेवला आणि झाकण काढले. फिलफोरा. साऱ्या खोलीत वास गेला. "अब रोज़े लग जाएंगे, फिर महीने भर की छुट्टी. आज खा लो." आम्ही एकमेकांकडे पाहिले. पहिली पोळी मोडली ती रीवाच्या ठाकुराने, जो आमच्यात सर्वांत कर्मठ. मग रायपूरचा. मग आम्ही दोघे. शेजारच्या टेबलावरच्या बाई उठल्या. मला वाटले तक्रार करणार. त्यांनी पंखा वाढवला आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली आमच्याकडे सरकवून त्या बाहेर गेल्या.

त्या साली पाडवा आणि ईद अगदी लागून आली. मग ठाकुराचे चैत्राचे नवरात्र. रामनवमीनंतरच्या बुधवारी आम्ही उतारावर गेलो. बाकांपैकी एक नवे होते आणि शिगडीमागची भिंत काळवंडलेली होती. ती धुराने काळी होती की कशाने, हे कुणी विचारले नाही. मालकांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले, बोटे मोजली आणि आत ओरडले, "पांच की लगाओ." ग्वाल्हेरकराने घरी काय सांगितले असेल ते तोच जाणे. त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटे उशिरा परतलो आणि साहेबांनी काही म्हटले नाही.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले. पंचांगात पाहा, तो बुधवार होता. रायपूरकर त्याच्या अगोदरच बिऱ्हाड घेऊन गाडीत बसला होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेने आम्हाला एका टेबलाशी आणले होते. चौघांत कबाबाची एक प्लेट जास्त होई, ती काही महिने आम्ही तरीही मागवत होतो. मग बडे भाई निवृत्त झाले, मग ठाकूर. नव्या पोरांना उतारावर जायला वेळ नसतो. ती फोनवर मागवतात आणि डबा फाटकापाशी येतो. चव वाईट नसते, पण सळईवरून उतरून अर्धा तास झाकणाखाली राहिलेला कबाब घामेजतो, हे त्यांना सांगून पटत नाही. २०२३ च्या जूनमध्ये सातपुडा भवनाला आग लागली. माझ्या पुतण्याने दूरदर्शनवर पाहून फोन केला, "काका, तुमची खोली." मी आधी शेजारच्या बाईंची चौकशी केली, मग लक्षात आले की त्या निवृत्त होऊन कितीतरी वर्षे झाली.

पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूरकडच्या वाचकांना कागद घेऊन भोपाळला जावे लागतेच. त्यांना एक सुचवतो. वल्लभ भवनात फाईल कोणत्या टेबलावर आहे ते सकाळीच विचारून ठेवा. दुपारी ते टेबल रिकामेच असणार, तेव्हा बाकावर बसून राहू नका. रिक्षाने जहांगीराबादला उतरा. जिथे शिगडी दारात असेल आणि मालक स्वतः सळईपाशी बसला असेल तिथे शिरा. कबाब आधी मागवा, रिझाला असेल तर अर्धी प्लेट, आणि तर्री मागू नका. शुक्रवारी जाऊ नका, दुपारी फळी बंद असते.