रेस्ट, रिलॅक्स आणि आपण

मैत्रिणींनो, आठवड्यातले चार दिवस मी दुपारच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते आणि बाकीचा वेळ तुमच्यासारखीच घर सांभाळते. त्यामुळे शब्दांकडे बघण्याची माझी दृष्टी थोडी मास्तरणीची, थोडी गृहिणीची. दमल्यावर आपण जे करतो (किंवा करायचं राहून जातं!) त्याला इंग्रजीत बरेच शब्द आहेत. ते एकसारखे वाटले तरी तसे नाहीत.

पहिला शब्द 'रेस्ट'. हा शरीराचा शब्द. अंग दमलं की रेस्ट, आजारपणात बेडरेस्ट. आपण सर्रास 'आय ॲम टेकिंग रेस्ट' म्हणतो. इंग्लंडातली बाई 'आय ॲम रेस्टिंग' किंवा 'हॅविंग अ रेस्ट' म्हणेल. गंमत अशी, की 'उरलेलं' या अर्थाचाही एक 'रेस्ट' इंग्रजीत आहे. स्पेलिंग तेच, कूळ मात्र निराळं. विश्रांतीचा रेस्ट जुन्या इंग्रजीतला, तर उरलेल्याचा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आलेला. पंडितांच्या लेखी ते वेगळे असतील, आपल्या घरात मात्र दोन्ही एकच. सगळ्यांचं सगळं झाल्यावर जो वेळ उरेल, ती आपली रेस्ट!

'रिलॅक्स'चं मूळ लॅटिन. त्याचा अर्थ सैल करणं. पोट सैल करणाऱ्या औषधाला लॅक्सेटिव्ह म्हणतात, त्यातही हाच 'लॅक्स' आहे. तेव्हा दमलेला माणूस रेस्ट घेतो आणि ताणलेला माणूस रिलॅक्स होतो. मुलं 'टेक रिलॅक्स' लिहितात, ते चूक. रिलॅक्स हे क्रियापद. नाम हवं तर 'रिलॅक्सेशन'. 'अनवाइंड' हा त्याचाच शेजारी. गुंडाळलेलं उलगडत जावं, तसं दिवसभराचं मन हळूहळू मोकळं होणं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'रिलॅक्स' स्वतःबद्दल म्हटलं तर गोड, पण चिडलेल्या माणसाला 'रिलॅक्स!' म्हणून बघा. तो दुप्पट चिडतो. हल्लीच्या मुलांचं 'मम्मी, चिल!' हेही त्यातलंच. मित्रांबरोबर 'चिल' करणं म्हणजे निवांत वेळ घालवणं. पण पाहुणे दारात, गॅस संपलेला, आणि लेक 'चिल' म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ 'तुझी काळजी मला कळत नाही' असाच ऐकू येतो.

'पुट युवर फीट अप' हा वाक्प्रचार तर मला फार आवडतो. पाय वर घेऊन निवांत बसा, असा त्याचा अर्थ. पण वडीलधाऱ्यांसमोर पाय वर घेऊन बसलेली सून आपण कुठं पाहिली आहे? आपल्याकडे बाईच्या विश्रांतीचे शब्दसुद्धा कसे दबकत येतात बघा. 'जरा पाठ टेकते', 'जरा पडते'. तो 'जरा' काही सुटत नाही.

आता 'लेझर'. अमेरिकेत याला बहुधा 'लीझर' म्हणतात. याचं मूळ लॅटिनमधल्या 'परवानगी असणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि लायसन्स हा शब्दही तिथूनच निघाला. म्हणजे लेझर ही नुसती रिकामी वेळ नव्हे; जिच्यावर आपला हक्क आहे, जिच्यात मनाजोगतं काही करायची मुभा आहे, अशी वेळ. पण ही मुभा बाईला कोणी द्यायची?

हे सारं आठवायचं कारण म्हणजे एका निबंधाची वही. विषय 'माय मदर'. एका मुलानं लिहिलं होतं, 'माय मदर डझ नॉट वर्क. शी रिलॅक्सेस ॲट होम.' व्याकरणात एक चूक नाही! मी गुण पूर्ण दिले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला साध्या वर्तमानकाळाचा सराव दिला: आई उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करते, ते क्रमानं लिहा. पानं भरली. तो मुलगा वही घेऊन आला नि म्हणाला, "बाई, माझी आई रेस्ट कधी घेते ते मला आठवतच नाही. घरी विचारून लिहू का?"

हे एका घरापुरतं नाही. २०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली म्हणायची, पण दोघांमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं.

म्हणून माझं एवढंच सांगणं. दिवसातला अर्धा तास ठरवून घ्या, रोज एकाच वेळी. तो उरण्याची वाट बघू नका. निवडायची भाजी त्या वेळी पुढ्यात घेऊ नका. ती रेस्टही नव्हे नि लेझरही नव्हे. झोपा, वाचा, नाहीतर नुसत्या खिडकीत बसा. आणि घरातल्यांना स्पष्ट सांगा, "मी विश्रांती घेतेय." वाक्य मराठीतच असू द्या, फक्त त्यातला 'जरा' काढून टाका.