मुदतीतले पासपोर्ट

आमच्या घरी पासपोर्टची मुदत कधी संपू देत नाहीत. कुठे जायचं नसलं तरी. बाबा कपाट उघडून तारखा तपासतात, हल्ली मीही.

आजोबा १९३८च्या अखेरीस व्हिएन्नाहून बोटीने मुंबईत आले, पासपोर्टवर ज्यूंसाठीचा लाल 'जे' घेऊन. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं आणि हिटलरपासून पळालेल्या अशा कितीतरी माणसांना इंग्रजांनी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं. याचा राग मला अजून येतो. पणजी व्हिएन्नातच राहिली. १९४२ मध्ये नाझींनी तिला मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला नेलं. तिथे नेलेल्या व्हिएन्नाच्या जवळपास १०,००० ज्यूंपैकी बहुतेकांना उतरवल्यावर लगेच खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातल्या. वाचले ते अगदी मोजके.

आजोबांनी यातलं काहीच बाबांना सांगितलं नाही. बाबांच्या वाट्याला आली ती नुसती धास्ती: रात्री बेल वाजली की दचकणं, ताटात शीतही न टाकणं.

मानसिक आघाताच्या अभ्यासक रेचल येहुदा यांच्या संशोधनात ज्यूसंहारातून वाचलेल्यांच्या मुलांमध्येही ताणाशी निगडित एका जनुकावरच्या रासायनिक खुणांत फरक दिसले. पण तपासलेली माणसं थोडी होती, आणि भीती रक्तातूनच येते असं मानायला माझं मन धजत नाही. आम्हाला छळते ती न सांगितलेली गोष्ट. मूल ती कल्पनेने पुरी करतं, आणि कल्पनेला तळ नसतो.

म्हणून लेकीला मी सगळं सांगितलं; पणजीचं नाव, तिचा रस्ता, तिला कुठे नेलं तेही. "तिला कुणी लपवलं का नाही?" तिने विचारलं. त्यावर आम्ही खूप वेळ बोललो. बाबाही येऊन बसले.