सुई दिली त्या राती

हात थरथरायला लागल्यापासून मार खाल्लेल्या बायकांचे अर्ज मी सांगते आणि आमच्या केंद्रातली नवी मुलगी टाइप करते. अक्षर गेलं याचं वाईट वाटतंच. पण खरी पंचाईत वेगळी. ती तारखेच्या रकान्यापाशी थांबते आणि समोरच्या बाईला सरळ विचारते, "तारीख सांगा." की बाई गप्प.

बीडच्या ऊसतोड भागात वर्ष मोजतात ते मुकादमाची उचल घेतली तेव्हापासून पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतलो तोवर. मार कधी बसला? "पोळ्याच्या आधी." कोणत्या सालचा पोळा? तिथं गाडं अडतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला, त्याच्यासोबत घटना अहवालाचा नमुना आला आणि त्यात तारीख, ठिकाण, वेळ. रकाना चूक नाही. समोरचा वकील पहिला हात तिथंच घालतो. पण तो भरायचा कसा, यातच माझी उमर गेली.

वाट सापडली ती बाळाच्या कार्डात. एक बाई म्हणाली, "पोरीला सुई दिली ना ताई, त्याच राती मारलं. ती तापानं रडत होती म्हणून." कार्ड पिशवीतच होतं, तेलकट, घडीवर फाटलेलं. दीड महिन्याच्या लसीपुढे नर्सबाईंनी निळ्या शाईत तारीख घातलेली. रात्र सापडली. तेव्हापासून मी आधी कार्ड मागते. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिने भरल्यावरची गोवराची लस. या खुंट्यांवर बायका बाकीचं सगळं बिनचूक टांगतात. अंगणवाडीची वजनाची वही त्याहून बोलकी. आईला हाकलून अंगावरचं पोर सासरी ठेवून घेतलं, त्याच महिन्यात वजनाची रेघ खाली.

याचा मला माज होता, लपवत नाही. "तुमचा अर्ज लगेच ओळखू येतो," असं एक वकीलबाई म्हणाल्या, ते मी घरी येऊन दोनदा सांगितलं. बायकांच्या पिशवीत दुसऱ्यांनी लिहिलेले अर्ज निघत, ते मी चवीनं वाचत असे, नावं ठेवायला. हल्ली तर मोबाइलवर तयार मसुदे फिरतात. तेच 'शारीरिक व मानसिक छळ', तेच 'उपाशीपोटी ठेवले'. सगळ्या बायका जणू एकाच नवऱ्याकडे नांदल्या. आणि समेटाचे आकडे अहवालात मिरवणारे? ऊसतोडीची गाडी निघायच्या आत मुकादमाला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जुळवून द्यायचा, यालाच ते संसार वाचवणं म्हणतात.

पण मूल नसलेल्या बाईपुढे माझी विद्या संपते. जिला मूल नाही म्हणूनच मारतात, तिच्याकडे कार्ड कुठलं? पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी, गॅसची पावती, सगळं उलथंपालथं करून पाहते. कधी लागतं, कधी नाही. परवा असंच काही लागेना, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "तारीख आठवत नाही, असंच लिहू ना ताई. खरं तेच आहे." लिहिलं. संरक्षण अधिकाऱ्यांनी हूं की चूं न करता अर्ज घेतला. मला मात्र तो बिनतारखेचा रकाना अजून खुपतो, आणि तिला तो खुपत नाही हे त्याहून जास्त.

लेक भांडून माहेरी आली, तर दागिन्यांच्या आधी नातवंडाचं कार्ड आणलंय का ते विचारा. सासरी राहिलं असेल तर उपकेंद्रात जा, तिथल्या वहीत तारखा असतात. आणि नर्सबाईंनो, पेन्सिलीनं लिहू नका.