पहिल्या दिवसाची तक्रार

ज्याला एखादी गोष्ट चांगली येते, त्याला ती येत नव्हती तेव्हाचे दिवस आठवत नाहीत. शिक्षकी पेशातली ही फार जुनी अडचण आहे. उर्दू शाळेत पहिलीच्या मुलांपुढे जीम, चे, हे आणि खे ही चार अक्षरे येतात. चौघांचे अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. एकाच्या पोटात एक नुक्ता, दुसऱ्याच्या पोटात तीन, तिसऱ्याला एकही नाही आणि चौथ्याच्या डोक्यावर एक. मोठ्यांना ही अक्षरे चार वेगळ्या माणसांसारखी दिसतात, लहान मुलाला ती एकाच घरातली जुळी भावंडे वाटतात. बी.एड.ला आम्हांला शिकवले होते की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. परंतु समोरच्याला काय ज्ञात आहे, हे शिकवणाऱ्याने कसे ओळखावे? त्याला एकच मार्ग आहे. विचारायचे, आणि विचारल्यावर ऐकायचे.

लिनक्स या संगणक-प्रणालीची गोष्ट वाचताना आम्हांला हीच अडचण पुन्हा भेटली. विंडोजसारखीच ही संगणक चालवणारी मूळ व्यवस्था. तिला विकत घ्यावे लागत नाही, तिची घडण सर्वांसाठी खुली असते आणि जाणकाराला तिच्यात बदलही करता येतो. फिनलंडमधल्या हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या या उद्योगाची माहिती इतरांना कळवली, तेव्हाच त्याने लोकांना काय हवे आहे, हे विचारले होते. म्हणजे लिनक्सचा जन्मच सूचना मागण्यातून झाला. मात्र त्या वेळी ज्यांना विचारले आणि ज्यांनी सांगितले, ते सगळे जाणकार होते. सामान्य माणसाला पडद्यावर चित्रे, खिडक्या आणि मेनू हवे असतात, याचा नेटाने विचार व्हायला १९९६ साल उजाडले. त्या वर्षी जर्मनीत केडीईची सुरुवात झाली, आणि १९९७ साली ग्नोमची. संगणक सुरू केल्यावर समोर दिसणारा सगळा संसार, म्हणजे डेस्कटॉप, हे प्रकल्प घडवत आले आहेत.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमचा या साऱ्याशी संबंध आला तो भंगारामुळे. शाळेत आठ जुने संगणक होते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि विंडोज ११ त्या यंत्रांना पेलवत नव्हते. नवे घ्यायला पैसा नाही, तेव्हा जुने भंगारवाल्याला द्यावेत आणि खोली दुसऱ्या कामाला वापरावी, असे काही जणांचे मत पडले. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी संगणक नाही. घरात एक मोबाइल असतो, तोही अब्बांच्या किंवा भाईजानच्या हातात. मुलींच्या वाट्याला तो रात्री दहा-पंधरा मिनिटे येतो. ही खोली गेली, तर या मुलींना कीबोर्डला बोट लावण्याची दुसरी जागा उरणार नव्हती. आम्ही एका मित्राच्या मदतीने आठही यंत्रांवर लिनक्स मिंट बसवले. पुढच्या परीक्षेपर्यंत मुले रुळली तर खोली राहील, असे ठरले.

आठवीच्या वर्गाला खोलीत नेताना आम्ही एक शंभर पानी वही टेबलावर ठेवली. जे समजणार नाही ते उर्दूत, मराठीत, कसेही लिहा, असे सांगितले. पहिल्या तासाला वही कोरीच राहिली. मुले अडत होती, पण लिहीत नव्हती. विचारले की एकच उत्तर यायचे, ‘‘मेरेकू नै आता, सर.’’ वस्तू अवघड आहे, असे कोणी म्हणेना. आपल्यालाच येत नाही, असे प्रत्येक जण म्हणत होता. आपल्या मुलांना आपण अदब शिकवतो, ते चांगलेच आहे. परंतु यंत्रापुढेही मान खाली घालायची सवय त्या अदबीत कधी मिसळते, ते कळत नाही. दुसऱ्या तासाला आम्ही प्रश्न बदलला. ‘तुम्हांला काय आले नाही’ याऐवजी ‘या संगणकाला काय नीट सांगता आले नाही’ असे विचारले. मग वही भरू लागली.

पहिली नोंद एका मुलीची होती : ‘‘कंप्यूटर के अंदर फिर कंप्यूटर कायकू?’’ मिंटच्या पडद्यावर ‘कॉम्प्युटर’ नावाचे एक चित्र असते, त्याबद्दलचा हा प्रश्न. शेजारच्या ‘होम’वर कोणाचाच आक्षेप नव्हता. आपले सामान घरात असते, हे मुलांना पटले. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी संगणकाला का विचारायचे, हा दुसरा प्रश्न. तिसरी तक्रार बहुतेक सगळ्यांची होती. फोल्डरवर एकदा टिचकी मारली, तर काहीच होत नाही. मोबाइलवर वाढलेली ही पिढी. एकदा बोट लावले की उघडते, एवढेच तिला ठाऊक. दोन-तीन मुलांनी तर सरळ पडद्यालाच बोट लावून पाहिले.

या तिसऱ्या तक्रारीने आम्हांला पुष्कळ शिकवले. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये वर्षानुवर्षे एका टिचकीने फाइल उघडत असे. विंडोजवरून येणारी माणसे गोंधळतात, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून तेथे मुळातच दोन टिचक्यांची पद्धत ठेवण्यात आली. नवख्यांची सोय पाहूनच हा निर्णय झाला होता. परंतु आमचे नवखे विंडोजवरून आलेले नव्हते, ते मोबाइलवरून आले होते. त्यांना जुनी पद्धतच सोपी गेली असती. मिंटमध्येही दोन टिचक्यांचीच रीत आहे. ती बदलण्याची सोय फाइलींच्या खिडकीच्या पसंतीत सापडली आणि आम्ही एक टिचकी करून टाकली. दुसऱ्याच दिवशी आमचे लिपिक रागावून आले. त्यांची सारी नोकरी विंडोजवर गेलेली. फाइल निवडायला जावे, तर ती उघडून बसते, अशी त्यांची तक्रार. तीही खरीच होती. शेवटी त्यांचे खाते वेगळे केले, त्यात दोन टिचक्या ठेवल्या आणि दोन्ही पक्ष शांत झाले. ‘नवखा’ म्हणून कोणी एक माणूस नसतो. तो कुठून आला आहे, हे आधी विचारावे लागते.

मोठ्या प्रकल्पांनीही हे धडे सावकाशच घेतले. २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने माणसांना ग्नोमपुढे बसवून, छोटी छोटी कामे देऊन, ती कुठे अडतात याची पाहणी केली. २००२ च्या ग्नोम २ मध्ये पसंतींचे जंगल बरेच तोडण्यात आले. नव्यांना हायसे वाटले आणि जुने जाणते चिडले. २००४ साली सुरू झालेल्या उबुंटूने जून २००९ मध्ये एक सुंदर मोहीम काढली. कागदाच्या कडेने बोटाला बारीक काप जातो, त्यावरून तिला नाव दिले होते. हा काप जीवघेणा नसतो, पण दिवसभर चुरचुरतो. सामान्य माणसाला पहिल्याच दिवशी टोचेल आणि जी दुरुस्त करणे सोपे आहे, अशी बारीक अडचण लोकांनी कळवायची. अशा शंभर अडचणी ऑक्टोबर २००९ च्या आवृत्तीपर्यंत दूर करण्याचा संकल्प होता. मोठमोठ्या सुधारणांच्या गर्दीत ‘ही तर किरकोळ बाब’ म्हणून जी तक्रार मागे पडते, तिला या मोहिमेने मानाने पुढे बसवले. केडीईने जानेवारी २०२२ मध्ये असाच उपक्रम घेतला. त्यांची कसोटी पंधरा मिनिटांची. वापरायला बसल्यावर पहिल्या पाव तासात जो दोष दिसतो, तो आधी काढायचा.

ऐकले नाही तर काय होते, याचेही उदाहरण आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले, तेव्हा त्याच्या मेनूत संगणक बंद करण्याचा शब्दच दिसत नसे. त्याला झोपवण्याचा पर्याय तेवढा दिसे. ऑल्ट ही कळ दाबून धरली, तरच त्या जागी ‘बंद करा’ प्रकट होई. हे नव्या माणसाला कोण सांगणार? ओरड झाली आणि २०१२ च्या ग्नोम ३.६ मध्ये तो शब्द उघडपणे परत आला. त्याच आवृत्तीत फाइली पाहण्याच्या कार्यक्रमाचे ‘नॉटिलस’ हे नाव जाऊन साधे ‘फाइल्स’ आले. समुद्रातल्या प्राण्याचे नाव वाचून त्यात आपली कागदपत्रे असतील, असे कोणाच्या मनात येईल?

म्हणून काय प्रत्येक सूचना मानावी? तसे नाही. २००८ साली उबुंटूने लोकांकडून कल्पना मागवून त्यांवर मते घ्यायला सुरुवात केली होती, ते पुढे बंद पडले. २०१० मध्ये उबुंटूच्या खिडक्यांची बटणे उजवीकडून डावीकडे नेली, तेव्हा वापरणाऱ्यांनी मोठा विरोध केला. रचनेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, अशा आशयाचे उत्तर संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी दिले. बटणे डावीकडेच राहिली आणि २०१७ च्या ऑक्टोबरात पुन्हा उजवीकडे आली. आम्हांला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. मत देणारा हा बहुधा रुळलेला माणूस असतो. जो पहिल्याच दिवशी अडला आणि उठून गेला, तो मत द्यायला येत नाही. शिवाय अडचण कुठे आहे ते ज्याला दुखते तोच सांगू शकतो, पण इलाज त्यालाच सुचेल असे नाही. रोग्याने दुखणे सांगावे, औषध हकिमावर सोडावे. वहीतही आम्ही मुलांना हेच शिकवले. काय करत होता, काय होईल असे वाटले आणि काय झाले, एवढ्या तीन गोष्टी लिहायच्या. निबंधाच्या तासाला जे साधले नाही, ते या तीन ओळींनी साधले. मुले नेमके लिहू लागली.

आता आमच्या भाषेकडे येतो. मराठी भाषांतराचे पुष्कळसे काम पुण्यात रेड हॅटमधल्या भाषांतरकारांनी केले, लोहित नावाचे फॉन्टही त्याच कंपनीने खुले केले. उर्दूचे भाषांतर मात्र फार अपुरे आहे. भाषा उर्दू केली की सारा पडदा आरशात पाहावा तसा उजवीकडून सुरू होतो. त्यावर काही शब्द उर्दूत आणि बाकीचे इंग्रजीत. आपल्याला सवय नस्तालीकची. गूगलचा खुला नोतो नस्तालीक उर्दू फॉन्ट आहे, पण नस्तालीकचे शब्द तिरपे उतरतात, त्यांना उंची जास्त लागते आणि मेनूच्या अरुंद ओळीत अक्षरांची टोके कापली जातात. आमच्या वहीत एकाने लिहिले, ‘‘लफ्ज का सर कट गया.’’

मिंटचे भाषांतर लाँचपॅडवर होते. तेथे खाते उघडून कोणालाही शब्द सुचवता येतो, जाणकार तो तपासून घेतात. आम्ही वर्गात शब्द मागवले. ‘सेव्ह’साठी पुस्तकातला शब्द ‘महफूज करना’. मराठीत ‘जतन करा’ म्हणतात, तोही मुलांना मराठीच्या तासामुळे माहीत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘संभालके रखो.’’ वर्ग हसला. परंतु ज्याचा अर्थ सांगावा लागत नाही, असा त्या दिवसातला तो एकमेव शब्द होता. आम्ही ‘महफूज करें’ पाठवला, कारण लखनौपासून मालेगावपर्यंत सर्वांना तोच चालेल. ‘संभालके रखो’ वहीत राहिला. त्या मुलीला आम्ही याचे कारण सांगितले. तिने ते ऐकून घेतले, मान्य केले की नाही ते सांगता येत नाही. एकंदर चोवीस शब्द पाठवले. त्यांतले काही स्वीकारले गेले, काही अजून तपासणीची वाट पाहत आहेत. सूचना इंग्रजीत समजावून देण्याचे काम आमच्याकडे आले, आणि आमचे इंग्रजी बेताचे. अडचण उर्दूत आणि ऐकणारा इंग्रजीत, यामुळे किती तक्रारी वाटेतच विरत असतील, याची कल्पना करवत नाही.

परीक्षा झाली. खोली राहिली, निदान या वर्षापुरती. आता आठवीच्या मुली सफाईने काम करतात आणि वहीत काही लिहीत नाहीत. त्यांना विचारले, तर सगळे सोपे आहे म्हणतात. कॉम्प्युटरच्या आतल्या कॉम्प्युटरबद्दल त्यांना आता काही वाटत नाही. त्या जाणकारांत सामील झाल्या, याचा आनंद आहेच. पण त्यांची जुनी पाने उघडून दाखवली, तेव्हा ‘‘ये हम लिखे थे?’’ असे त्यांनीच विचारले. अडचण आठवणीत राहत नाही, ती त्याच दिवशी कागदावर उतरवावी लागते. हे संगणकापुरते खरे नाही. शाळेचा अर्ज, रेशनचा फॉर्म, दवाखान्यातली खिडकी, बँकेतले यंत्र, सगळीकडे आपली माणसे पहिल्या दिवशी अडतात, स्वतःला दोष देतात, दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सोबत नेतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. मागच्याला पुन्हा तोच उंबरा लागतो. जूनमध्ये नवी आठवी येईल. वहीची चाळीस पाने अजून कोरी आहेत, आणि यंदा वही नव्या मुलांच्या हाती जुन्या मुलींनीच द्यावी, असे ठरवले आहे.